रेस दिली की गाडी दम टाकते? पार्ट बदलण्याआधी हे पाहून घ्या

यवतमाळ : कापूस वेचणीच्या दिवसांत आपल्या जिल्ह्यातला कोणताही दुपदरी रस्ता पाहा. पुढं कापसानं फुगलेली ट्रॉली, मागं एखादी जुनी मारुती. समोर रस्ता मोकळा दिसतो म्हणून चालक गाडी उजवीकडं काढतो, रेस देतो, आणि गाडी पुढं झेपावण्याऐवजी श्वास धरून बसते. एक सेकंद, दोन सेकंद, मग झटका देऊन निघते. हिशेब करा. आपली गाडी ताशी ६० च्या वेगात आणि समोरून येणारा ट्रकही ६० च्या, तर दोघांतलं अंतर दर सेकंदाला ३३ मीटरनं कमी होतं. दोन सेकंद गाडी बसली म्हणजे साठ-पासष्ट मीटर रस्ता संपला. म्हणून ‘जुनी गाडी आहे, थोडी दम टाकणारच’ असं म्हणून हा दोष सोडून देण्यासारखा नाही.

दुसरी बाजू खिशाची. गाडी मेकॅनिककडं नेली की आधी प्लग बदलतात, मग कॉइल, मग पेट्रोलची मोटर. सोयाबीनच्या एका पोत्याचे पैसे गेले तरी गाडी जशीच्या तशी. मेकॅनिक लुबाडतो असं नाही. बहुतेक वेळा आपण त्याला नीट सांगतच नाही. ‘पिकप घेत नाही भाऊ’ एवढंच सांगतो. या एका वाक्यात चार-पाच वेगवेगळे आजार बसतात. डॉक्टरकडं जाऊन ‘बरं वाटत नाही’ सांगितल्यासारखं ते झालं.

आपल्याकडं अशा गाड्या कमी नाहीत. एप्रिल २०१० मध्ये देशातल्या १३ मोठ्या शहरांत भारत स्टेज चार हा प्रदूषणाचा नियम लागू झाला आणि तिथं मारुती ८०० ची विक्री थांबली. मात्र आपल्यासारख्या जिल्ह्यांत ती पुढंही विकली गेली. जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन बंद झालं. शिवाय शहरातून जुनी झालेली अल्टो, वॅगनआर, सँट्रो, ओम्नी एमएच-२९ च्या रस्त्यांवर दुसरा-तिसरा मालक करून फिरतेच आहे. पंधरा वर्षं झाली की आरटीओत फेरनोंदणी करायची आणि पुढची पाच वर्षं चालवायची, असं बहुतेकांचं चाललेलं असते. तेव्हा या गाड्या सुरक्षित कशा चालतील ते समजून घेणं भाग आहे.

नेमकं कधी बसते?

आधी इंजिनात काय होते ते पाहू. एक्सलेटर दाबला की हवेचा दरवाजा उघडतो. हवा हलकी, ती लगेच आत घुसते. पेट्रोल जड, ते मागं राहते. त्या क्षणी हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडते. ही कसर भरून काढायला कार्बोरेटरच्या गाडीत एक छोटा पंप असतो. एक्सलेटर दाबताच तो पेट्रोलची पिचकारी मारतो. एमपीएफआय म्हणजे इंजेक्शनच्या गाडीत हेच काम कॉम्प्युटर करतो. दरवाजा किती उघडला हे त्याला एक सेन्सर सांगतो आणि तो त्या मानानं जास्त पेट्रोल सोडतो.

आता लक्षात घ्या. पाय टेकवताच गाडी अडखळते आणि एकदा अडखळून पुढं नीट पळते, तर दोष या पहिल्या क्षणाच्या व्यवस्थेत आहे. पण सुरुवात चांगली होते, तिसऱ्या-चौथ्या गियरला पूर्ण दाबून ठेवलं की हळूहळू गळते, चढावर तर मरगळते, तर तिला पेट्रोल किंवा हवा पुरत नाही, नाहीतर जळालेला धूर बाहेर पडत नाही. हा दुसरा आजार. तिसरा प्रकार झटक्यांचा. चढावर, चार माणसं बसलेली, वरच्या गियरला कमी वेगात रेस दिली की गाडी धक-धक करते, जणू मागून कुणी ओढते. मेकॅनिक त्याला ‘मिसिंग’ म्हणतात. त्यात बहुतेक वेळा ठिणगीचा दोष निघतो. सिलिंडरमध्ये दाब वाढला की ठिणगीला उडी मारायला जास्त जोर लागतो. अशक्त प्लग किंवा फुटकी वायर सपाट रस्त्यावर काम भागवते आणि चढावर हार मानते.

चौथा प्रकार इंजिनाचा नसतोच. रेस दिल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग त्या मानानं वाढत नाही, तर क्लच प्लेट घसरते आहे. गाडी सगळ्याच वेगात जड वाटते आणि न्यूट्रल केल्यावर लवकर थांबते, तर एखादा ब्रेक जाम आहे. पाच-सात किलोमीटर चालवून उतरा आणि चारही रिमजवळ हात न्या (लावू नका, जवळ न्या). एक रिम बाकीच्यांपेक्षा फार तापलेला असेल तर दोष तिथंच आहे. ही तपासणी फुकटात होते. ती न करताच लोकांनी कार्बोरेटर खोललेले मी पाहिले आहेत.

म्हणून गॅरेजला जाण्याआधी एक चिठ्ठी लिहा. थंडी असताना होते की गरम झाल्यावर? पहिल्याच दाबाला की दाबून ठेवल्यावर? सपाटीवर की चढावर? पावसात वाढते काय? टाकी भरली असताना की खाली आल्यावर? पंधरा-वीस किलोमीटर गेल्यावरच सुरू होते काय? एवढं लिहिलं तरी मेकॅनिकचं अर्धं काम होते.

आपल्याकडचे खास दुखणे

गाडीच्या पुस्तकात नसलेल्या काही गोष्टी खेड्यात घडतात. पहिली उंदरांची. गाडी कुठं उभी असते? कापसाच्या गंजीजवळ, ढेपेच्या पोत्याजवळ, गोठ्याच्या शेजारी. उंदीर इंजिनाच्या उबेला येतात. वायर कुरतडतात, रबरी नळ्या खातात आणि एअर फिल्टरच्या डब्यात कापूस नेऊन घर करतात. दोन महिने उभी असलेली गाडी काढली आणि पिकप गेलेलं असलं, तर बोनेट उघडून आधी हा डबा खोला. दोन-चार क्लिपा, दोन मिनिटांचं काम.

दुसरी धूळ. आपल्या काळ्या मातीची उन्हाळ्यातली धूळ म्हणजे पीठच. वणी पट्ट्यात त्यात कोळशाच्या वाहतुकीची भुकटी मिसळते. कंपनीच्या पुस्तकात एअर फिल्टर बदलायचे जे किलोमीटर दिलेले असतात, ते आपल्या पांदण रस्त्यांसाठी नाहीत. पुस्तकातही धुळीच्या भागात लवकर बदला असं लिहिलेलं असते, पण तेवढं वाचतो कोण! कागदी फिल्टर उन्हाकडं धरून पाहा. घड्यांतून उजेड दिसला नाही तर बदला. कॉम्प्रेसरची हवा मारायची तर आतून बाहेर आणि बेतानं मारा. जोरात मारली तर कागद फाटतो आणि ती धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. काही जण फिल्टरच काढून गाडी चालवतात, ‘मस्त पळते’ म्हणतात. त्यांनी इंजिनाच्या रिंगांचा खर्च आधीच बाजूला काढून ठेवावा.

तिसरी गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. पेट्रोल टाकीला हवा घेण्याचा मार्ग लागतो. पेट्रोल संपत जाते तशी तेवढी हवा आत आली पाहिजे. तो मार्ग मातीनं किंवा कुंभारीण माशीच्या घरानं बुजला की टाकीत ओढ तयार होते आणि मोटर कितीही चांगली असली तरी तिला पेट्रोल खेचणं जड जाते. खूण पक्की आहे. गाडी पंधरा-वीस किलोमीटर चांगली चालते, मग गळायला लागते, थोडा वेळ उभी केली की पुन्हा ठीक. असं झालं की इंजिन बंद करून टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ असा हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी नीट चालली, तर दोष सापडला. शेजारच्या गावातल्या एका शेतकऱ्यानं याच दुखण्यापायी दोन गॅरेज केले, प्लग आणि पेट्रोलची मोटर बदलली. शेवटी दोष त्या बुजलेल्या नळीतच निघाला. तार घालून साफ केली, खर्च शून्य.

चौथी कॅनची. पंप लांब म्हणून फवारणी पंपासाठी घरी कॅनमध्ये पेट्रोल ठेवतो. त्यात टू-टी ऑइल मिसळलेलं असते. हंगाम संपला की उरलेलं ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून कारमध्ये ओततो. त्या ऑइलनं प्लग काळे होतात. आणि कॅन अर्धवट भरलेली, झाकण सैल, पावसाळ्यात पडून राहिलेली असली, तर त्यात पाणीही उतरते.

इथेनॉलचं काय?

सध्या कोणत्याही पारावर गाडीचा विषय निघाला की ‘हे सगळं इथेनॉलनं झालं’ असं कुणीतरी म्हणतेच. अर्धं खरं आहे, अर्धं नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं लक्ष्य आधी २०३० चं होतं, ते २०२५ वर आणलं गेलं, आणि आता पंपावर ई-२० पेट्रोलच मिळते. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे रबर, प्लॅस्टिक, धातूचे भाग ते सोसतील असे बनवले जातात. आपल्या जुन्या गाड्या त्याआधीच्या. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच असं नमूद आहे की जुन्या पद्धतीच्या चारचाकींना ई-२० वर मायलेज ६ ते ७ टक्के कमी पडू शकते.

पिकपशी संबंध असा. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एका किलोमागं सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला फक्त ९ किलो, कारण त्याच्यात स्वतःचा ऑक्सिजन असतो. ई-२० चं प्रमाण येते साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन सोडावं लागते. इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरला ऑक्सिजन सेन्सर असेल आणि तो जिवंत असेल, तर कॉम्प्युटर हे बऱ्यापैकी जुळवून घेतो. कार्बोरेटर काही जुळवून घेत नाही. त्याच्या जेटचं छिद्र जेवढं आहे तेवढंच. त्यामुळं कार्बोरेटरची जुनी ८०० किंवा ओम्नी, जी आधीच थोडी कमी पेट्रोलवर चालत होती, ती आता पहिल्या दाबाला ठळकपणे अडखळते. थंडीच्या सकाळी तर जास्तच. अशा गाडीचा कार्बोरेटर साफ करून, फ्लोटची पातळी आणि पिचकारीचा पंप तपासून, ट्यूनिंग नव्यानं करून घेतलं की बराच फरक पडतो.

दुसरा परिणाम टाकीत होतो. इथेनॉल वर्षानुवर्षांचा चिकट थर सोडवते. तो सुटलेला गाळ फिल्टरमध्ये अडकतो. इथेनॉल पाणीही धरून ठेवते, आणि पाणी जास्त झालं की पाणी-इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळं बसते. मोटर तळातूनच खेचते. पाहायचं असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी मेकॅनिककडून टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून घ्या आणि अर्धा तास ठेवा. दोन थर दिसले तर टाकी खाली करणं हाच इलाज. पंपावर शंका आली तर फिल्टर पेपरवर थेंब टाकून दाखवा, घनता तपासून दाखवा, असं म्हणण्याचा ग्राहकाला हक्क आहे. भांडायची गरज नाही, मागितलं की पंपवाल्यानं दाखवलं पाहिजे.

पण फुटकी वायर, बुजलेला फिल्टर, घासलेला प्लग हे इथेनॉलनं झालेलं नाही. सगळं सरकारवर ढकललं की आपण बोनेट उघडत नाही.

स्वस्तापासून महागाकडं

एअर फिल्टर आणि टाकीचं झाकण पाहून झालं की पुढं प्लग. प्लग काढून ते कोणत्या सिलिंडरचे आहेत ते क्रमानं ठेवा. टोक फिकट तपकिरी असेल तर जळण चांगलं. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पांढरंफटक म्हणजे पेट्रोल कमी पडते. ओलं, तेलकट म्हणजे ऑइल वर येते. तिन्ही प्लग काळे असतील तर दोष सगळ्यांचा मिळून, म्हणजे हवा किंवा कार्बोरेटर किंवा सेन्सर. एकच वेगळा दिसला तर दोष त्या एका सिलिंडरचा. ही गोष्ट फार कामाची आहे, म्हणून मेकॅनिकनं प्लग काढून फेकू नये, आपल्याला दाखवावेत. गॅप फिलर गेजनं मोजा. जुन्या गाड्यांत तो साधारण ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो, आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तकात पाहा. अंदाजानं ठोकून गॅप कमी करणं हा इलाज नव्हे.

प्लगच्या वायरी रात्री पाहा. अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू करा. वायरीवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर करंट बाहेर गळतो आहे. पावसाळ्यात, दमट हवेत हा दोष वाढतो. डिस्ट्रिब्युटरच्या जुन्या गाडीत झाकण काढून आतून पाहा, पेन्सिलनं ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली तर ते चिरलं आहे. आणखी जुन्या गाडीत पॉइंट आणि कंडेन्सर असतो. तिथं घासलेला पॉइंट हे मिसिंगचं नेहमीचं कारण. चालू इंजिनावर एकेक वायर उपटून ‘कोणता सिलिंडर मेला’ पाहण्याची पद्धत आपल्याकडं सर्रास आहे. ती बंद करा. हाताला जबर झटका बसतो आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत कॉइल किंवा कॉम्प्युटर जळू शकतो.

त्याच डिस्ट्रिब्युटरला एक गोल डबी असते, तिच्यातून रबरी नळी निघते. रेस कमी-जास्त झाली की ही डबी ठिणगीची वेळ मागं-पुढं करते. तिच्या आतलं रबर फाटलं की हळू रेसला गाडी सुस्त वाटते. तपासायचं कसं? नळी इंजिनाकडून काढा, टोक पुसून तोंडानं ओढा आणि जिभेनं बंद करा. ओढ टिकली तर डबी चांगली. हवा येतच राहिली तर फाटली. जुन्या मिस्त्रींची ही युक्ती आजही तेवढीच खरी.

बाकी रबरी नळ्यांनाही हाच न्याय. दहा-पंधरा उन्हाळे ४५ अंशांत काढल्यावर रबर कडक होऊन चिरते. त्या चिरेतून मोजणीबाहेरची हवा इंजिनात जाते आणि पहिल्या दाबाला गाडी बसते. इंजिन चालू ठेवून सुईसारखी ‘स्सस्स’ ऐका. शंका असेल त्या जोडावर साबणाचं पाणी शिंपडा, आवाज किंवा रेस बदलली तर गळती तिथंच. काही जण यासाठी पेट्रोल किंवा कार्बोरेटर क्लीनर मारतात. तापलेल्या इंजिनावर ते आगीशी खेळणं आहे, साबणाचं पाणी पुरते. प्लगच्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटरवर मात्र पाणी जाऊ देऊ नका.

कार्बोरेटरच्या गाडीतला पिचकारीचा पंप इंजिन बंद असतानाच तपासता येतो. एअर फिल्टर काढा, वरून आत पाहत एक्सलेटरची तार हातानं एकदम ओढा. पेट्रोलची बारीक, सलग धार दिसली पाहिजे. धार उशिरा आली, तुटक आली किंवा आलीच नाही, तर पंपाचं रबर गेलं. विडी-सिगारेटवाल्याला मात्र तिथून दूर पाठवा.

एमपीएफआय गाडीत त्याच जागी थ्रॉटल बॉडी आणि तिचा सेन्सर येतो. थ्रॉटल बॉडीत काळा चिकट थर बसतो, तो साफ केल्यावर कित्येक गाड्या सुधारतात. सेन्सर मल्टिमीटरवर तपासता येतो. दरवाजा हळूहळू उघडताना व्होल्ट साधारण अर्ध्यापासून साडेचारपर्यंत न तुटता चढले पाहिजेत. मध्येच काटा पडला तर तिथं सेन्सर घासला आहे. आपण रोज जेवढा पाय दाबतो, तेवढ्याच जागी तो जास्त घासतो, म्हणून अडखळणंही नेमक्या त्याच जागी येते.

गाडी दाबून ठेवल्यावर गळत असेल तर पेट्रोलचा दाब गेज लावून मोजायला सांगा. जुन्या एमपीएफआय गाड्यांत तो साधारण अडीच ते साडेतीन बार असतो. उभ्या गाडीत नुसतं मोजून चालत नाही, भार आल्यावर तो टिकतो का हे पाहावं लागते. आधी फिल्टर, मग मोटरला जाणारा करंट आणि अर्थिंग, आणि मगच मोटर. मोटर महाग आहे आणि तिच्या नावावर फिल्टरचं पाप खपते. टाकी कायम पाव भागाच्या खाली ठेवून फिरवण्याची सवयही मोटरला मारते, कारण टाकीतल्या मोटरला पेट्रोलच थंड ठेवते.

सायलेन्सरही पाहा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून बुजला की धूर अडतो, चढावर गाडी गुदमरते आणि तो भाग लालबुंद तापतो. काही गॅरेजवाले सळई घालून त्याचं आतलं जाळं फोडून देतात. पिकप येते हे खरं, पण पुढं पीयूसीला गाडी अडकते आणि मिसिंगमुळं तो का जळाला ते मूळ दुखणं तसंच राहते.

पीयूसीची पावती वाचा

आपण पीयूसी पोलिसांना दाखवायला काढतो. पण पेट्रोल गाडीच्या त्या पावतीवर दोन आकडे असतात, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन. कार्बन मोनॉक्साइड जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जाते, हवा कमी. हायड्रोकार्बन जास्त म्हणजे पेट्रोल न जळताच बाहेर येते, म्हणजे कुठंतरी मिसिंग आहे. मागच्या वर्षीची पावती आणि यंदाची शेजारी ठेवून पाहा. अर्थात पावती खरोखर नळी घालून काढलेली असली पाहिजे. नुसता नंबर प्लेटचा फोटो घेऊन मिळालेल्या पावतीतून काही कळणार नाही.

२०१३ नंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना स्टेअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लागतो. मोबाइलला जोडायचे छोटे स्कॅनरही मिळतात, गावात चार जणांनी मिळून एक घेतला तरी चालते. त्याआधीच्या गाड्यांना मात्र मेकॅनिककडचाच स्कॅनर लागतो. पी-०३०१ आलं तर पहिल्या सिलिंडरला मिसिंग, पी-०३०० म्हणजे कधी या कधी त्या सिलिंडरला, पी-०१७१ म्हणजे पेट्रोल कमी किंवा हवा जास्त. पण कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे. पी-०१७१ आलं म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलणारे आहेत. तो सेन्सर बिचारा खरं सांगत असतो, चोर फाटकी नळी असते.

गॅसवरच्या ओम्नीवाल्यांना तर एक तपासणी आयतीच मिळते. दोष पेट्रोलवर येतो आणि गॅसवर येत नाही, तर कार्बोरेटर किंवा पेट्रोलच्या लाइनीत शोधा. दोन्हीवर सारखाच येतो, तर ठिणगी, हवा किंवा इंजिन. फक्त गॅसवर येतो, तर किटचं ट्यूनिंग पाहा. गॅसवर ठिणगीला जास्त जोर लागतो, त्यामुळं अशक्त प्लगची खोड आधी गॅसवरच दिसते, हेही ध्यानात ठेवा. वर्षानुवर्षं गॅसवर चाललेल्या गाडीत व्हॉल्व्ह बसत जाऊन टॅपेट टाइट होतात. तेव्हा वरचं सगळं पाहून झालं असेल तर टॅपेट आणि कॉम्प्रेशन तपासायला सांगा. कॉम्प्रेशनमध्ये एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरा-सिलिंडरांतला फरक महत्त्वाचा. एक फार कमी आला, तर बाहेरचे पार्ट बदलून काही होणार नाही.

बोलेरो, सुमो, जुनी कमांडर अशा डिझेल गाड्यांत प्लगची भानगड नाही. तिथं पहिला संशय डिझेल फिल्टरवर. फिल्टरच्या खालच्या स्क्रूतून पाणी काढायची सोय असते, ती पावसाळ्यात तरी वापरा. लाइनीत हवा शिरत असेल तर सकाळी गाडी उशिरा सुरू होते आणि रेसला धरसोड करते. टर्बोच्या गाडीत पिकप एकदम गेलं, मागं काळा धूर आणि बोनेटखाली ‘फुर्र’ असा आवाज असेल, तर टर्बोचा रबरी पाइप निसटला किंवा फाटला असण्याची शक्यता मोठी. टर्बो बदलायला निघण्याआधी तो पाइप हातानं दाबून, वाकवून पाहा, चीर बहुतेक खालच्या बाजूला लपलेली असते.

तपासणीसाठी गाडी चालवायची तर महामार्गावर नको. गावाबाहेरचा मोकळा रस्ता घ्या, सोबत एक जण ठेवा, आणि दोष निघेपर्यंत ट्रॉलीच्या मागंच राहा. मेकॅनिककडून एका वेळी एकच पार्ट बदलून घ्या, लगेच त्याच चढावर चालवून पाहा आणि फरक पडला नाही तर जुना पार्ट परत मागून डिक्कीत ठेवा. चालू असलेली कॉइल किंवा मोटर पुढं कधीतरी कामाला येते.